एक पक्कड कमी

लडाखला पोस्टिंग झाली तेव्हा माझी सोळा वर्षं सेवा झाली होती. रँक हवालदार, ट्रेड व्हेईकल मेकॅनिक. नाव गौतम कसबे, राहणार सोलापूर. बेचाळीस अंशांच्या उन्हात वाढलेल्या माणसाला उणे बावीसमध्ये गाड्या चालू ठेवायच्या होत्या. पहिले पंधरा दिवस इंजिनापेक्षा मीच उशिरा सुरू होत होतो.

आता मी कुंभारीत गॅरेज चालवतो. फोर व्हील ड्राईव्ह गाड्यांची कामं जास्त येतात. बरेच जण डिफरन्शियल लॉक बसवायला येतात. त्यातल्या काहींच्या गाड्यांनी टेंभुर्णीच्या हायवेपलीकडे रस्ता पाहिलेला नसतो. चिखल दिसला तर मालक वळसा घालून जातो, पण लॉक पाहिजे म्हणजे पाहिजे. मोबाईलवर व्हिडिओ बघून येतात आणि जेवताना पापड मागावा तसा लॉक मागतात. कुठला घ्यावा ते मी सांगतो. का, ते आजवर कुणाला सांगत नव्हतो. गिऱ्हाइकांपैकी फक्त एकाला सांगितलं. आता लिहून ठेवतो.

आमची डिटॅचमेंट एकवीस माणसांची. गाड्या सात. वर अकरा किलोमीटरवर एक पोस्ट होती. तिथे रेशन आणि केरोसीन पोचवायचं आणि परत यायचं, हे आमचं काम. पहाटे पाचला उठणं. साडेपाचला इंजिनाखाली गरम हवेचा पाईप लावणं. पाच चाळीसला चहा. सहाला टूल चेक. सव्वासहाला गाड्या बाहेर.

टूल चेकबद्दल थोडं सांगायला हवं. प्रत्येक गाडीला कॅनव्हासची एक गुंडाळी असते. तिला आम्ही रोल म्हणायचो. त्यात पाने, पक्कड, हातोडी, प्रत्येकाचा शिवलेला कप्पा. एखादं अवजार नसेल तर कप्पा मोकळा दिसतो, कुणाला विचारावं लागत नाही. गाडी निघण्याआधी ड्रायव्हरने रोल उघडायचा, मेकॅनिकने मोजायचा. मग ड्रायव्हर विचारणार, "टूल पूर्ण?" आणि मेकॅनिक म्हणणार, "पूर्ण." त्याशिवाय गाडी हलायची नाही. नियम असा. प्रत्यक्षात थंडी इतकी असायची की रोलच्या गाठी सोडायला हातमोजे काढावे लागत आणि बोटं बधिर होत. म्हणून आम्ही रोलवर थाप मारायचो आणि "पूर्ण" म्हणायचो. सगळेच तसं करायचे. मी हे कारण म्हणून सांगत नाही, घडायचं तसं सांगतो.

गाडी नंबर तीन ही पिकअप. पुढे दोन रांगांची केबिन, मागे माल. तिचा ड्रायव्हर नाईक बिरा शेंडगे. मंगळवेढ्याच्या बाजूचा, घरी मेंढरं आणि कोरडवाहू रान. तिथे आम्ही दोघेच सोलापूर जिल्ह्याचे. दोघांत बोलणं मराठीत, बाकी सगळं हिंदीत. तो मला उस्ताद म्हणायचा. गाडीशी तो मेंढराशी बोलावं तसा बोलायचा, चढाला जीभ टाळूला लावून टक्‌ टक्‌ करायचा. मी हसायचो. पण तीन नंबर त्याच्या हाताखाली कधी अडली नाही हेही खरं.

आता लॉक. वळणावर बाहेरच्या चाकाला जास्त अंतर कापावं लागतं, आतल्याला कमी. दोन्ही चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारा भाग म्हणजे डिफरन्शियल. त्याची खोड अशी की एक चाक बर्फात किंवा चिखलात सापडलं की ते नुसतं गरगरतं, दुसरं उभं राहतं आणि गाडी जागची हलत नाही. लॉक लावला की दोन्ही चाकं एकत्र बांधली जातात. गाडी चढते. लोकांना एवढंच माहीत असतं.

पुढचं असं. निसरड्यावर माणूस चालताना एक पाय घसरला तरी दुसऱ्याने सावरतो. दोन्ही पाय बांधले तर दोन्ही एकदम घसरतात. कलत्या रस्त्यावर लॉक लावलेल्या गाडीचं तेच होतं. मोकळ्या डिफरन्शियलमध्ये एक चाक सुटलं तरी दुसरं रस्ता धरून ठेवतं. लॉकमध्ये दोन्ही सुटतात आणि गाडीचा मागचा भाग उताराच्या बाजूला जातो. म्हणून लॉक चढापुरता. माथा आला की काढायचा.

सात गाड्यांत लॉक फक्त तीन नंबरला होता, आणि तो बटणावर. डॅशबोर्डवर बटण दाबलं की मागच्या ॲक्सलजवळची छोटी मोटर एक दांडा सरकवायची. थंडीत ती मोटर मेली. नवी यायला आठ दिवस लागणार होते, आणि वरच्या पोस्टवर केरोसीन दोन दिवसांचं उरलं होतं. मी सुभेदार साहेबांना सांगितलं, दांडा हाताने सरकवून तारेने बांधतो. गाडी वर जाईल. वर पोचल्यावर ड्रायव्हर तार सोडेल आणि मोकळ्या डिफरन्शियलवर उतरेल. साहेब म्हणाले, "ठीक है. करो."

सकाळी साडेपाचला मी गाडीखाली शिरलो. माझी पक्कड दुसऱ्या गाडीखाली राहिली होती, म्हणून तीन नंबरच्या रोलमधली घेतली. जाड तार, चार पीळ मारले. सुटू नये म्हणून आणखी एक मारला. बाहेर आलो तेव्हा हात चालत नव्हते. पक्कड पार्काच्या, म्हणजे जाड कोटाच्या, खिशात टाकली आणि हात काखेत घातले.

सहा वाजता बिराने रोल पुढे धरला.

"टूल पूर्ण?"

मी थाप मारली. "पूर्ण."

सव्वासहाला गाडी गेली. वर पोचायला दोन तास लागायचे, वीसेक मिनिटं कमी-जास्त. त्या दिवशी आठ वीसला वर पोचल्याचा निरोप आला. लॉकने काम केलं होतं. मला बरं वाटलं.

आठ पन्नासला रेडिओवर पुन्हा तीन नंबर. सेटवर सेल्वम होता. तमिळ पोरगा, हिंदी जेमतेम, मराठीचा एक शब्द नाही. त्याने हँडसेट माझ्याकडे दिला.

"उस्ताद, पक्कड कुटं हाय?"

"रोलमध्ये."

"न्हाय. कप्पा मोकळा हाय."

मी खिशात हात घातला. पक्कड हाताला लागली.

"दुसऱ्या कशाने निघते का बघ," मी म्हणालो.

"पोस्टवर बी पक्कड न्हाय. पान्यानं बघितलं, दगडानं ठोकून बघितलं. तार लई घट्ट मारलीया की, उस्ताद." तो हसला. मग म्हणाला, "नेगीला खाली आनायचाय. त्याला दम लागलाय. ओठ निळं पडल्यात. थॉमस म्हनतोय थांबू नगा."

शिपाई हरीश नेगी वरच्या पोस्टवरचा. थॉमस तिथला नर्सिंग असिस्टंट. ढग खाली आले होते, हेलिकॉप्टर येणार नव्हतं. उंचीवर फुप्फुसात पाणी झालं की एकच औषध, खाली उतरवणं.

सुभेदार साहेब मागे येऊन उभे होते. त्यांनी विचारलं, "क्या बोल रहा है? कोई दिक्कत?"

इथे मला करता येण्यासारखी गोष्ट होती. रुतलेल्या गाड्या ओढून काढणारी रिकव्हरीची गाडी सुरूच होती. तिच्या चाकांना बर्फासाठी चेन होत्या. पक्कड घेऊन ती निम्म्या वाटेवर, रस्ता कलण्याच्या आधी, बिराला गाठू शकली असती. फार तर चाळीस मिनिटं. पण तसं सांगायचं तर पक्कड कुठे आहे हे सांगावं लागलं असतं. "पूर्ण" म्हणालो होतो हे सांगावं लागलं असतं. माझं प्रमोशन दोन महिन्यांवर होतं.

मी म्हणालो, "नहीं साहब. निकल रहा है."

मग हँडसेटमध्ये मराठीत म्हणालो, "बिरा, तसाच ये. लो रेंज, पहिला गिअर. ब्रेकला पाय लावू नकोस."

"येतो."

नऊ चारला त्याने नियमाप्रमाणे हिंदीत कळवलं. "बेस, गाडी तीन. चल पड़े. ओव्हर."

त्यानंतर तीन नंबर बोलली नाही.

नऊ चाळीसला सेल्वमने तीनदा हाक मारली. नऊ पन्नासला आम्ही रिकव्हरीची गाडी घेऊन निघालो. दहा वीसला चौथ्या वळणाखाली थॉमस रस्त्यावरून चालत येताना दिसला. एक हात धरून ठेवला होता. त्याने जे सांगितलं ते असं. चौथ्या वळणावर रस्ता दरीकडे कलतो. गाडी हळूच चालली होती. मागचा भाग आवाज न करता बाजूला सरकला. बिराने स्टिअरिंग डोंगराकडे वळवलं, गाडी थांबल्यासारखी वाटली, मग पुन्हा सरकली. बिरा ओरडला, "थॉमस, कूद!" थॉमस मागच्या दारातून डोंगराच्या बाजूला पडला. नेगी मागच्या सीटवर आडवा होता, तो उठू शकत नव्हता. बिराचा दरवाजाही डोंगराच्या बाजूलाच होता. तो उतरू शकला असता. त्याने स्टिअरिंग सोडलं नाही.

दोघांना वर आणायला दुसऱ्या दिवशी दुपारचे तीन वाजले. मी खाली उतरलो होतो. गाडी उलटी पडली होती, त्यामुळे मागचा ॲक्सल वर आला होता. तार जशीच्या तशी होती. पाचही पीळ.

चौकशी बसली. विचारलं, लॉक बांधला होता का? होता. परवानगी होती? होती. वर सोडायची सूचना दिली होती? दिली होती. रेडिओवर काय बोलणं झालं? हळू यायला सांगितलं. सगळी उत्तरं खरी होती. पक्कड कुठे होती, हे कुणी विचारलं नाही. रोल दरीत फाटून पडला होता, अवजारं बर्फात विखुरली होती. एक कमी आहे हे कुणाला कळणार? सेल्वमला मराठी येत नव्हतं, आणि थॉमस तेव्हा आत नेगीपाशी होता.

एकाच जिल्ह्याचा म्हणून बिराच्या शवपेटीबरोबर मला पाठवलं. गावात मोठी गर्दी होती. त्याचे वडील, सिदूतात्या, मेंढरामागे चालून चालून वाळलेला माणूस. ते रडले नाहीत. माझा हात धरून म्हणाले, "तुमी व्हता नव्हं जवळ? मग बरं. परक्यात गेला न्हाय माजा लेक." मी मान हलवली. आयुष्यात इतकी लाज मला पुन्हा वाटली नाही.

त्या वर्षी सुगी झाल्यावर माझ्या घरी एसटीने ज्वारीचं पोतं आलं. मालदांडी, मोत्यासारखी. पाठवणार सिदूतात्या. पुढच्या वर्षी पुन्हा आलं. मी रिटायर झालो, नायब सुभेदार होऊन. गॅरेज काढलं. पोतं येत राहिलं. बायको भाकरी थापताना दरवेळी त्यांचं नाव काढायची. मी जेवायचो.

दोन वर्षांपूर्वी, परतीचा पाऊस सुरू असताना, मायाप्पा आला. बिराचा धाकटा भाऊ. भाऊ गेला तेव्हा कॉलेजात होता, आता मेंढरं आणि रान तोच बघतो. जुनी फोर व्हील ड्राईव्ह पिकअप घेतली होती. गाडी चांगली होती. चहा झाल्यावर त्याने विषय काढला.

"दादा, फुडं-मागं दोनीकडं आटोमॅटिक लॉक टाका. बटनाची भानगडच नको."

ऑटोमॅटिक लॉकला बटण नसतं. गाडीला जोर लागला की तो आपोआप चाकं बांधतो. स्वस्त पडतो, काम कमी असतं.

"रस्ता कुठला तुझा?" मी विचारलं.

"कालव्याचा भराव. पाऊस झाला की काळ्या रानात गाडी रुततीया, मग भरावावरनंच जावं लागतंय. मेंढरं पल्याड असत्यात."

"भराव सपाट आहे?"

"कालव्याकडं कलतोय जरा."

"पाणी असतं?"

"असतंय की. दोन पुरुस खोल."

"गाडीत कोण कोण असतं?"

"बायकू. दोनी पोरी. कवा तात्या."

मी त्याला सांगितलं, पुढे लॉक अजिबात नको. पुढे ऑटोमॅटिक टाकला तर निसरड्यावर स्टिअरिंग तुझं ऐकणार नाही. मागे टाक, पण बटणाचा. डॅशबोर्डवर लाल दिवा लावतो, बजर लावतो. रुतलास की लाव, निघालास की काढ. भरावावर चढण्याआधी बंद म्हणजे बंद. ऑटोमॅटिक काढता येत नाही, भरावावर त्याने चाकं बांधली तर तुला कळायच्या आत मागचा भाग कालव्यात असेल.

तो ऐकत होता, पण पटलेलं दिसत नव्हतं. "चिखलात, मेंढराच्या गडबडीत, बटन कोन दाबत बसनार? इसरलं म्हंजी? सोलापुरात एक जन टाकून देतोय म्हनला, उद्याच. पन तात्या म्हनलं, दादाकडंच जा." जरा थांबून म्हणाला, "तुमी येवडं का अडून बसलायसा?"

तो उद्या दुसरीकडे जाणार होता. लोक जातात, मी अडवत नाही. पण मला तो कलता भराव दिसत होता, आणि केबिनमधल्या दोन पोरी. नियम सांगून तो थांबणार नव्हता. तो थांबेल अशी एकच गोष्ट माझ्याकडे होती आणि ती सांगितली की माझ्याकडे काही उरणार नव्हतं.

मी कपाटातून ती पक्कड काढली. बाकावर ठेवली. आणि सांगितलं. तार, खिसा, "पूर्ण", रेडिओ, साहेबांना दिलेलं उत्तर. क्रमाने, वेळेसकट. चौकशीत सांगायला हवं होतं तसं.

संपल्यावर मायाप्पाने पक्कडकडे बघितलं. मग विचारलं, "त्यो शेवटाला काय म्हनला?"

"म्हणाला, तार लई घट्ट मारलीया की, उस्ताद. हसून म्हणाला."

"त्यो तसाच व्हता."

बाहेर पाऊस वाढला होता. तो उठला, दारापर्यंत गेला, परत फिरला.

"तात्यानं तुमास्नी अकरा वर्सं ज्वारी धाडली."

"हो."

"खाल्ली तुमी?"

"खाल्ली."

मला वाटलं आता हात उचलेल. उचलला असता तर मी अडवला नसता. तो गाडीजवळ गेला आणि बॉनेटवर तळहात ठेवून उभा राहिला. पाठमोराच बोलला.

"बसवा. मागंच. बटनाचा."

कामाला दोन दिवस लागले. दोन्ही दिवस तो गॅरेजबाहेर चिंचेखाली बसून होता. चहाला बोलावलं, आला नाही. मी डिफरन्शियल उघडून लॉक बसवला, दिवा जोडला, बजर जोडला. मग गॅरेजमागच्या चिखलात नेऊन त्याच्याच हाताने बटण वीस वेळा लावायला आणि काढायला लावलं. त्याने निमूट केलं. एकदाही माझ्याकडे बघितलं नाही.

निघताना मी त्याला एक नवा रोल दिला. कॅनव्हासचा, कप्पे शिवलेला, अवजारांसकट. त्याने गाठ सोडली, बॉनेटवर पसरला आणि एकेक अवजार बाहेर काढून पुन्हा आत ठेवलं. कप्प्यावर कप्पा. त्याला ही पद्धत कुणी शिकवली नव्हती. तीन मिनिटं लागली. तीनच मिनिटं लागतात.

मी बिराची पक्कड पुढे केली. म्हणालो, ही तुमच्या घरची आहे.

"ती तुमच्याकडंच ऱ्हाऊ द्या," तो म्हणाला आणि गाडीत बसला.

त्या सुगीला ज्वारी आली नाही. बायकोने विचारलं, तात्यांची तब्येत बरी आहे ना? मग तिलाही सांगितलं. दुसऱ्या दिवशी तिने बाजारातून ज्वारी आणली. मायाप्पाने वडिलांना सांगितलं असणार. ते योग्यच झालं. त्यांचा लेक गेला, निदान खरं तरी त्यांच्याकडे असायला हवं.

गेल्या वर्षी पावसात, दुपारी चारच्या सुमाराला, फोन वाजला. इतक्या दिवसांत पहिलाच.

"कालव्यावरनं आलो. लई निसरडं व्हतं," मायाप्पा म्हणाला. "बटन बंद करून आलो."

"पोरी होत्या?"

"व्हत्या."

आणि त्याने फोन ठेवला. नमस्कार नाही, दादा नाही. मी तिथेच पान्यांच्या ढिगाजवळ बसलो आणि रडलो. इतक्या वर्षांत पहिल्यांदा.

पक्कड अजून माझ्याकडे आहे. रोज सकाळी नऊला गॅरेज उघडलं की आधी दोन नावं घेतो. नाईक बिरा शेंडगे. शिपाई हरीश नेगी. मोठ्याने घेतो, हजेरी घेतात तशी. मग रोलची गाठ सोडतो आणि मोजतो.